पाळणा हलेपर्यंत

सोहार (ओमान), १२ जानेवारी

देविका,

आशीर्वाद. हवेत की नकोत ते तू ठरव, माझे मी पाठवले.

माझा नंबर तू बंद करून टाकलायस असं अजिंक्यकडून कळलं. चार वर्षांत मी शंभरदा फिरवला असेल, मला वाटायचं तुमच्या चिपळूणला रेंज नसते. म्हणून आता कागद घेतला. समोरच्या दारातल्या अमीरुन्निसाचा नवरा जैनुद्दीन सुट्टीवर दाभोळला निघालाय, तो तिकडच्या पोस्टात टाकेल. इथली पद्धत आहे ही, कुणी गावी निघालं की साऱ्या इमारतीच्या पिशव्या त्याच्या गळ्यात. अमीरुन्निसाने तर मी आल्या दिवशीच दार वाजवून विचारलं, "काकी, कुळथाचं पीठ आणलंव काय?" परक्या मुलखात इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

आता मुद्दा. तुझ्या भावजयीला, पूर्वाला, दिवस गेलेत. तीन महिने भरेपर्यंत बाहेर बोलायचं नसतं हे मीच तुम्हा सगळ्यांना शिकवलंय, तरी तुला सांगते आहे. तू बोलणार कुणाशी? माझ्याशी तर बोलत नाहीस.

परवा तिचं नाव घालायला इथल्या दवाखान्यात गेलो. अजिंक्यची कारखान्यात पहिली पाळी होती, म्हणून मी बरोबर. दवाखाना चकचकीत, फरशीवर तोंड बघावं असा. आत केरळची एक सिस्टर बसलेली. तिने विचारलं, कितवी वेळ? पूर्वाने तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "पहिलाच है." सिस्टर लिहिता लिहिता म्हणाली, "जी वन, पी झीरो." मला सवय आहे ना मध्ये तोंड घालायची, मी विचारलं, हे काय? ती बिचारी हसून म्हणाली, "अम्मा, जी मतलब कितनी बार पेट से हुई. पी मतलब कितनी डिलिव्हरी. गिर गया तो ए. जो नहीं रहा वो भी गिनते हैं." मी बरं म्हटलं. पूर्वा चपलेच्या अंगठ्याकडे बघत बसली होती.

तुला राग आला असेल वाचताना. मागच्या दोन वेळचं तुला ठाऊक आहे. दोन्ही वेळा ती गावी माझ्यापाशी होती आणि दोन्ही वेळा पाचवा महिना. दुखलं नाही, खुपलं नाही, उभ्या उभ्या सगळं संपलं. दुसऱ्या वेळेनंतर मी गावच्या देवीपुढे जाऊन उभी राहिले आणि तानाजी गुरवाला गाऱ्हाणं घालायला लावलं, की आमच्या घरात पाळणा हलेपर्यंत गेलेल्यांचा उच्चार कुणी करणार नाही. मी नाही, अजिंक्य नाही, ती नाही. गेलेल्यांना हाका मारत राहिलं की ते येणाऱ्याला आपल्याकडे ओढतात, हे मी माझ्या आईकडून ऐकलंय. अजिंक्यकडून देवीच्या पायरीवर शब्द घेतला. तू तेव्हा यायचं सोडलं होतंस.

हे लिहिलं म्हणजे मोडलं की काय, असं मनात आलं. पण कागदावरचं उच्चारात येत नाही असं मी धरते. देवी काही चष्मा लावून लोकांची पत्रं वाचत नाही.

काळजी करू नकोस. सगळं छान आहे. मी सकाळी तिला खजूर देते, जिना चढू देत नाही.

आई


सोहार, १६ फेब्रुवारी

देविका,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, पण खालचा सुरक्षावाला दिसला की मी आपली विचारते. तो बांगलादेशचा, त्याला वाटतं म्हातारीचं डोकं फिरलंय.

मागच्या पत्रात सगळं छान आहे असं लिहिलं. ते खोटं होतं. मला भीती वाटते, देविका. पूर्वा जागची उठली की माझी नजर आधी तिच्या गाऊनच्या मागे जाते. ती न्हाणीघरात गेली की मी बाहेर उभी राहते आणि काही तरी पुसत असल्याचं सोंग करते. कालपासून ती कमरेला हात लावून चालतेय. गेल्या दोन्ही वेळी तशीच चालायची.

परवा अमीरुन्निसा घावन घेऊन आली. तिची चारही मुलं इथलीच, या दवाखान्यातली. बोलता बोलता पूर्वाला म्हणाली, "मी जी सिक्स हाव. चार हयात, दोन गेली. एकाचं नाव रेहान ठेवलंतं, दुसरीचं ठेवायला सुदीक मिळालं नाय. डॉक्टरनीनं इचारलं की सगळं खडाखडा सांगायचं बाय, त्याच्यावरून त्या लोकांना समजतं पुढं काय ते." आणि मग माझ्याकडे वळली, "काकी, तुमचा जी किती?"

मी म्हटलं, दोन. तू आणि अजिंक्य.

तीन होते. तुझ्या आधी एक होता. सातव्या महिन्यातच झाला आणि सकाळपर्यंत गेला. तुझ्या आजीने मला त्याचं तोंडही बघू दिलं नाही, म्हणाली, बघितलंस तर जीव अडकेल. तुझे बाबा त्याला घेऊन गेले आणि परत येऊन जेवायला बसले. पुढे उभ्या आयुष्यात त्या घरात त्याचा विषय निघाला नाही. आणि मग तू झालीस, धडधाकट, किंचाळत. म्हणजे न बोलल्याने काही बिघडलं नाही, उलट झालंच चांगलं. मी हे असंच धरून चालले आहे. मला आता दुसरं काही धरता येत नाही.

अमीरुन्निसा गेल्यावर पूर्वा ताटली धुता धुता म्हणाली, "आई, पुढच्या वेळी सिस्टरना सांगू का?"

मी विचारलं, काय सांगणार?

ती म्हणाली, "खरं ते."

मी तिला म्हटलं, तू आईच्या पोटातून बाहेर येण्याआधीपासून ती देवी आमचं घर बघते आहे. तिला दिलेला शब्द तू मोडणार आणि काही झालं तर कुणाकडे बघणार? तिने ताटल्या पुसून जागेवर ठेवल्या. चांगली मुलगी आहे, उलटून बोलत नाही. तू असतीस तर ताटली आपटली असतीस. खरं सांगू, तिने आपटायला हवी होती.

अजिंक्यला विचारलं, तर तो कारखान्यातून आलेला, डोळे तांबडे. म्हणाला, "आई, यू गायज डिसाइड. मी देवीला प्रॉमिस केलंय, मला नको विचारूस. इन्शाल्ला, होईल नीट." इथे राहून सगळेच इन्शाल्ला म्हणतात. माझ्याही तोंडून परवा निघालं.

चौथा संपत आला. पुढचा पाचवा.

आई


सोहार, १८ मार्च

देविका,

हे पत्र नीट वाच, मग फाड. तुझ्याकडून एक काम हवंय.

शुक्रवारी दुपारी पूर्वा कपडे घडी करत होती. मध्येच थांबली आणि म्हणाली, "आई, खाली जड वाटतंय." आवाज अगदी साधा, मीठ संपलं म्हणून सांगावं तसा. मी धावत जाऊन तिचा गाऊन बघितला. रक्ताचा एक ठिपका होता, एवढुसाच. अजिंक्य कामावर. अमीरुन्निसाने तिची गाडी काढली. चार पोरांची आई ती, सगळ्या वाटेत हॉर्न वाजवत, "यल्ला, यल्ला", म्हणजे चला चला, करत पुढच्या गाड्यांना शिव्या देत होती आणि मागे मी पूर्वाचे पाय मांडीवर घेऊन देवीचं नाव घेत होते.

डॉक्टरीणबाई इथल्याच, बलुची घरातल्या, हिंदी चांगलं बोलतात. मशीन फिरवलं. बाळ हलत होतं, मी पाहिलं. हात वर करत होतं. पण बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, पिशवीचं तोंड आखूड झालंय, उघडायला लागलंय. मग पूर्वाचा कागद हातात घेतला आणि विचारलं, "यहाँ जी वन लिखा है. सच में पहला है? याद करके बोलो. पहले कभी पाँचवें महीने में बच्चा गया है?"

पूर्वाने माझ्याकडे पाहिलं.

देविका, तिला मरणाची भीती वाटत होती. तिचं बाळ त्या पडद्यावर हात हलवत होतं आणि ती माझ्याकडे बघत होती, परवानगीसाठी. मी तिला कसं करून ठेवलं होतं ते मला तेव्हा दिसलं. आणि तरीही माझी जीभ उचलेना. डोळ्यांपुढे देवी उभी. बोलले तर ती नेईल, नाही बोलले तर हे असंच जाईल. दोन्हीकडून जाणारच असेल तर मी काय करू, असं झालं. बाई पुन्हा म्हणाल्या, "अम्मा, टाइम नहीं है."

मी म्हटलं, "दो. पहले दो गए. दोनों पाँचवें में. मैंने छुपाया, इसने नहीं."

बाई मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याच सिस्टरने जुनं खोडून लिहिलं, जी थ्री, पी झीरो, ए टू. धडाधड माणसं आली. पिशवीच्या तोंडाला टाका घालतात म्हणे, पिठाने भरलेल्या पिशवीचं तोंड शिवावं तसा. बाई म्हणाल्या, आधी कळलं असतं तर तिसऱ्या महिन्यातच घातला असता, तेव्हा सोपं असतं. आता घालतोय, पण टिकेलच असं सांगता येत नाही.

आणखी एक लपवलंय ते सांगून टाकते. दुसऱ्या वेळी आपल्याकडच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, पुढच्या वेळी जिथे जाल तिथे आधीचं सगळं सांगा. मी मान हलवली होती. मग घरी न येता थेट देवळात गेले होते.

टाका घातला. तिला आत नेताना ती रडत होती. मी म्हटलं, घाबरू नकोस. ती म्हणाली, "घाबरून नाही, आई. तुम्ही त्यांना दोन म्हणालात." तेवढ्यात दार बंद झालं.

आता काम. शब्द मी मोडलाय. देवीला ते माझ्याच माणसाने जाऊन सांगायला हवं, की मोडणारी मी आहे, जे घ्यायचं ते माझ्याकडून घे, पोटातल्याला हात लावू नकोस. तानाजी गुरवाला फोन केला होता. तो म्हणतो, "काकी, फोनावर गाऱ्हानं व्हत नाय, घरचं मानूस उभं ऱ्हायला लागतं." भाऊबंदांना पाठवलं तर संध्याकाळपर्यंत गावभर होईल. राहिलीस तू. चिपळूणहून तासाभराची वाट आहे. लग्न झालेली मुलगी दुसऱ्या घरची असं तानाजी कुरकुरेल, त्याला सांग, माझ्या पोटची आहे.

तू का जावंस, असं विचारशील. विचार. पण जा, देविका. तुझ्या पाया पडते. हे मी आजवर कुणाला लिहिलेलं नाही.

आई


सोहार, २५ मे

देविका,

दोन महिने झाले. तू गेलीस की नाही एवढंच कळव. कोऱ्या कागदावर हो किंवा नाही लिही, नावही घालू नकोस.

अजिंक्यला विचारलं, ताई काही म्हणाली का? तो म्हणाला, "तुमचं तुम्ही बघा, मला मध्ये घेऊ नका." तुझ्याशी तो दर आठवड्याला बोलतो हे मला माहीत आहे. तो गॅलरीत जातो, दार लावून घेतो आणि हसतो. माझ्याशी बोलताना तसा हसत नाही.

पूर्वा पडून आहे. उठायचं ते फक्त न्हाणीघरापुरतं. मी तिचे केस विंचरते, तेल लावते. डॉक्टरीणबाई प्रत्येक वेळी म्हणतात, और थोड़ा, अम्मा, और थोड़ा. इथे ऊन असं आहे की दाराची कडी हाताला चटका देते, दिवसभर एसी घोंघावतो आणि आम्ही दोघी पडदे ओढून बसतो, चोरी केल्यासारख्या. अजिंक्यने माझा व्हिसा वाढवून घेतला.

आता ती बोलते. आधीच्या दोघांबद्दल बोलते. पहिल्या वेळी मुलगा होता हे तिला नर्सने सांगितलं होतं, मला हे माहीत नव्हतं. दुसऱ्या वेळी तिने विचारलंच नाही. ती बोलायला लागली की मला वाटतं तिच्या तोंडावर हात ठेवावा. पण ठेवत नाही. एकदा मोडलंय ते मोडलंय. मी ऐकते आणि मनात मोजत बसते की देवी हे कुणाच्या खात्यावर मांडत असेल.

डोहाळजेवण केलं नाही. इथल्या मराठी मंडळातल्या बायका विचारत होत्या, काकी, हिरवी साडी कधी? मी म्हटलं, ती उठू शकत नाही. त्यांनी फळं पाठवली. अमीरुन्निसाने बाहेर ठेवलेल्या टोपलीतले आंबे बघून नाक मुरडलं आणि आपल्या घरातला हापूस आणून दिला.

रोज सकाळी मी पूर्वाच्या पोटावर हात ठेवते. हललं की दिवस सुरू होतो. एखाद्या सकाळी उशिरा हलतं, तेव्हा मी कशी बसलेली असते ते तुला कळेल. तुला कळेल म्हणून लिहिते. दुसऱ्या कुणाला लिहू?

गेलीस का?

आई


चिपळूण, ४ जुलै

आई,

अजिंक्यने काल बाळाचा फोटो पाठवला, नाकातली नळी काढलेला. दिवस भरायच्या आधी आली म्हणून तळव्याएवढी दिसते, पण कपाळावर आठी आहे. ती तुझी आहे, हे त्याला मी सांगितलं. आता काचेच्या पेटीतून तिला दोन दिवसांत बाहेर काढतील म्हणे. पूर्वाने तिला छातीशी घेतलं हेही त्याने सांगितलं. मी फोन ठेवला आणि तुझी पत्रं काढून बसले.

तुझी चारही पत्रं मिळाली. एकही फाडलं नाही.

मी देवळात एप्रिलमध्येच गेले होते. तिसरं पत्र मिळालं त्याच रविवारी. तुला कळवलं नाही, मुद्दाम. मे महिन्याचं पत्र वाचल्यावरही कळवलं नाही. तुला काही काळ घाबरलेलं राहू द्यावं असं वाटलं. मी किती वर्षं घाबरलेली होते ते तू कधी विचारलं नव्हतंस. हे चांगलं वागणं नाही, मला माहीत आहे. त्याबद्दल मी माफी मागणार नाही, तूही माझी मागू नकोस. पूर्वाच्या पहिल्या वेळी चोरओटी भरताना तू मला बायकांच्या ओळीतून उठवलंस, नारळ माझ्या हातातून काढून घेतलास आणि "तू नको, तुझं असं झालंय" म्हणालीस. माझ्या मुलाबद्दल तू तेवढंच बोललीस. त्यानंतरही नाही, त्याआधीही नाही.

तानाजी कुरकुरला, तू म्हणालीस तसाच. मी त्याला तुझं वाक्य सांगितलं. मग त्याने नारळ हातात घेतला आणि विचारलं, "काय घालायचं गाऱ्हान्यात?"

तू सांगितलं होतंस की मोडणारी मी, जे घ्यायचं ते माझ्याकडून घे असं सांग. ते मी सांगितलं नाही. तुझा जीव देवीला परस्पर देऊन टाकण्याचा अधिकार तुला कुणी दिला? इथून पुढे त्या पोरीला तेल कोण लावणार?

मी तानाजीला म्हटलं, या घरची सगळी मुलं मोजून सांगायची आहेत. आजवर अर्धीच सांगितली गेली. तो म्हणाला, सांग. मी सांगितलं. आईचा पहिला, सातव्या महिन्यात झाला, एक रात्र जगला. मग मी आणि अजिंक्य. मग माझा मुलगा, पूर्ण दिवसांचा, रडला नाही. मग पूर्वाची दोन. आणि आता एक पोटात आहे.

तानाजी माझ्याकडे बघत राहिला. त्याला वाटलं असेल, बाई चळली. पण मग त्याने डोळे मिटले आणि आवाज लावला. एकेकाला वेगळं घेतलं त्याने, घाई केली नाही. देवळात मोजून तीन माणसं होती, पायरीवर बसलेले दोन म्हातारे आणि झाडलोट करणारी बाई. तुझ्या पहिल्या मुलाची पाळी आली तेव्हा ती तिघं म्हणाली, "होय महाराजा." माझ्या मुलाचं आलं, "जन्माला आला, पन डोळे उघडले नाय, तोबी ह्याच घरचा," तेव्हा त्या बाईने झाडू खाली ठेवला आणि हात जोडून म्हणाली, "होय महाराजा."

आई, माझ्या मुलाला होय म्हणणारं ते पहिलं माणूस. मला तिचं नावही माहीत नाही.

मग तानाजी पोटातल्याकडे आला, की त्याला राख, वाट दाखव, सुखरूप घरात आण. त्या वेळी त्या तिघांच्या आधी मीच ओरडले. माझा आवाज देवळात इतका मोठा झाला की बाहेरचा कुत्रा उठून बसला.

तुझा नंबर काल सुरू केला आहे.

देविका